वाफेच्या इंजिनांची दुर्मीळ छायाचित्रे : शोधाची वाट महाड-पोलादपुरातून

सावित्रीच्या खोऱ्यातील महाड आणि पोलादपूर या तालुक्यांतून वाफेच्या गाड्यांची नियमित वाहतूक कधीच झाली नाही. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला आणि महाड तालुक्याला रेल्वे मिळाली, तेव्हा देशातील वाफेचे युग संपत आले होते. पोलादपूर तालुक्यात तर आजही स्थानक नाही. तरीही वाफेच्या इंजिनांच्या जुन्या छायाचित्रांचा शोध या भागाशी जोडलेला आहे, कारण येथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या पोटापाण्यासाठी मुंबईला गेले आणि गिरण्या व गोदीप्रमाणेच रेल्वेच्या चाकरीतही शिरले.

या शोधात सर्वाधिक विचारले जाणारे चित्र भारतातील पहिल्या प्रवासी गाडीचे आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, म्हणजे जीआयपीची, ही गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली आणि साहिब, सिंध व सुलतान या तीन इंजिनांनी तिचे चौदा डबे ओढले. त्या क्षणाचे छायाचित्र म्हणून जी चित्रे फिरतात, त्यांकडे सावधपणे पाहिले पाहिजे. काचेवर ओला रासायनिक थर देऊन चित्र घेण्याची कलोडियन पद्धत १८५१ मध्ये नुकतीच जाहीर झाली होती, तिला काही सेकंदांचा प्रकाश लागत असल्यामुळे धावती गाडी काचेवर पुसट उमटे, आणि मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी तर १८५४ मध्ये स्थापन झाली. शिवाय त्या काळच्या इंजिनांवर चालकासाठी बंदिस्त केबिन नसे. म्हणून ‘पहिली गाडी’ म्हणवणाऱ्या चित्रात केबिन दिसली, तर ते चित्र नंतरचे आहे हे तेवढ्यावरूनच ठरते.

अस्सल छायाचित्रे मुख्यतः दोन प्रकारच्या संग्रहांत सापडतात. पहिला प्रकार इंजिन बांधणाऱ्या कारखान्यांचा होय. जीआयपीची पहिली इंजिने इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्रीने बांधली. पुढे मँचेस्टरची बेयर पीकॉक, ग्लासगोची नॉर्थ ब्रिटिश आणि अमेरिकेची बाल्डविन अशा कंपन्यांकडूनही भारतात इंजिने आली. नवे इंजिन जहाजावर चढवण्यापूर्वी त्याचे अधिकृत छायाचित्र घेण्याची प्रथा होती आणि चकाकीमुळे बारकावे हरवू नयेत म्हणून इंजिनाला त्यापुरता करडा रंग दिला जाई. बेयर पीकॉकसाठी जेम्स मड याने १८५० च्या दशकापासून घेतलेली छायाचित्रे या परंपरेचा आरंभकाळ दाखवतात. दुसरा प्रकार सरकारी आणि सार्वजनिक संग्रहांचा असून त्यात लंडनची ब्रिटिश लायब्ररी आणि १९७७ मध्ये उघडलेले दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय ही महत्त्वाची ठिकाणे होत.

छायाचित्र मिळाल्यावर ते वाचावे लागते, आणि यासाठी रायगड जिल्ह्यातलाच नेरळ-माथेरान मार्ग उत्तम पाठ देतो. आदमजी पीरभॉय कुटुंबाने उभारलेली ही दोन फूट रुंदीची लोहमार्गिका १९०७ मध्ये सुरू झाली आणि तिच्यावर जर्मनीच्या ओरेनस्टाईन अँड कोपेल कंपनीची चार इंजिने १९८२ पर्यंत धावली. इंजिनाची ओळख चाकांच्या मांडणीवरून सांगतात : पुढची मोकळी चाके, मधली जोडलेली चालक चाके आणि मागची मोकळी चाके या क्रमाने आकडे लिहितात. माथेरानचे इंजिन ०-६-० आहे, म्हणजे त्याची सहाही चाके चालक आहेत; त्याला कोळसा-पाण्याचा वेगळा डबा, अर्थात टेंडर, नाही. तीव्र वळणांवर कडेची चाके आडवी सरकू शकावीत म्हणून त्याला क्लीन-लिंडनर पद्धतीचे पोकळ आस दिले होते. चारही इंजिने दिसायला जवळपास सारखी असल्याने ७३८ ते ७४१ यांपैकी नेमके कोणते हे अंगावरच्या क्रमांकावरूनच कळते. आणि कारखान्याची पाटी वाचता आली, तर बांधणीचे वर्ष व अनुक्रमांकही हाती येतो.

परंतु कारखान्याच्या चित्रांत यंत्र असते, माणूस क्वचितच असतो. भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन, धुराडे व नळ्या साफ करणारा क्लीनर, परळच्या १८७९ मध्ये सुरू झालेल्या लोको वर्कशॉपमधला फिटर ही माणसे दिसतात ती निवृत्तीच्या दिवशी हार घालून काढलेल्या समूहचित्रांत, आणि अशी चित्रे सरकारी कपाटांपेक्षा गावच्या घरातील ट्रंकेत किंवा भिंतीवरच्या चौकटीत राहतात. म्हणूनच या दोन तालुक्यांतील घरे हीदेखील रेल्वेच्या इतिहासाची दफ्तरे आहेत आणि जे परदेशातील मोठ्या संग्रहात मिळणार नाही, ते येथे मिळू शकते.

या दफ्तरांना धोकाही तितकाच मोठा आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहराची घरे व दुकाने पाण्याखाली गेली, आणि अशा पुरात कागद व छायाचित्रे सर्वांत आधी नष्ट होतात. भिजलेली छायाचित्रे एकमेकांना चिकटली असतील तर ती ओढून सुटी करू नयेत. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून ती हळुवार वेगळी करावीत आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत सुकवावीत. पूर येण्याची वाट न पाहता चित्राच्या दोन्ही बाजू स्कॅन करणे हा खरा उपाय होय, कारण पाठीमागचा स्टुडिओचा शिक्का, तारीख आणि हाताने लिहिलेले नाव यांमुळेच चित्राला पुराव्याचे मोल येते.

ब्रॉडगेजवरील वाफेची नियमित सेवा १९९५ मध्ये संपली. तिच्यात राबलेली शेवटची पिढी आता वृद्ध झाली आहे. चित्रातील इंजिन कोणते हे तज्ज्ञ पन्नास वर्षांनीही सांगू शकेल, मात्र त्याच्याशेजारी उभा असलेला माणूस कोण आणि कोणत्या वाडीचा, हे फक्त घरातील वडीलधारी मंडळीच सांगू शकतात. म्हणून त्यांना आजच विचारून चित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नाव, गाव, हुद्दा आणि अंदाजे वर्ष लिहून ठेवणे, हे या शोधातील सर्वांत निकडीचे काम आहे.