उपवासाच्या ताटातला स्टार्च

आषाढी एकादशीला छत्रपती संभाजीनगरहून वाळूजजवळच्या ‘छोट्या पंढरपूर’कडे माणसांची रीघ लागते. त्या दिवशी घरोघरी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळी, भगर असा बेत असतो. दुसऱ्या दिवशी वर्गात ही यादी फळ्यावर लिहावी आणि मुलांना विचारावे, या सगळ्या पदार्थांत सारखे काय आहे?

उत्तर प्रयोगातून मिळवू. टिंक्चर आयोडीनमध्ये पाणी घालून ते पातळ करा. उकडलेला बटाटा, भिजवलेला साबुदाणा, रताळे, शिजलेली भगर यांवर एकेक थेंब टाका. शेजारी ज्वारीच्या भाकरीचा तुकडाही ठेवा. सगळ्यांवर निळा-काळा रंग येतो. ही स्टार्चची खूण. (प्रयोगातले तुकडे कोणी खाऊ नयेत.) म्हणजे आपण भाकरी सोडली, पण स्टार्च सोडला नाही!

स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या असंख्य कणांची साखळी. ती तोडण्याचे काम लाळेतले अमायलेज हे विकर सुरू करते. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, तो यामुळेच. उरलेले काम लहान आतड्यात होते आणि ग्लुकोज रक्तात उतरते.

आता थोडे गणित करू. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी साधारण ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचाभर, ग्लुकोज असते. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम स्टार्च असतो. ७५ ग्रॅम साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तर सुमारे ६५ ग्रॅम स्टार्च पोटात जातो. पचताना त्यात पाणी मिसळले जाते, म्हणून त्यापासून ७० ग्रॅमहून थोडे अधिक ग्लुकोज तयार होते. मधुमेह तपासताना दवाखान्यात पाण्यातून ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजतात. खिचडीची थाळी जवळजवळ तेवढीच! फरक इतकाच, की शेंगदाणे आणि तूप यांमुळे खिचडीतले ग्लुकोज रक्तात सावकाश उतरते.

मग बटाटा? त्यात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणीच असते. तेवढाच स्टार्च मिळायला सुमारे ४०० ग्रॅम, म्हणजे चार-पाच बटाटे खावे लागतील. शिवाय बटाट्यात थोडी प्रथिने, पोटॅशियम आणि क जीवनसत्त्व असते. साबुदाण्यात स्टार्चखेरीज जवळजवळ काहीच नसते, कारण तो कसाव्याच्या कंदातून वेगळ्या काढलेल्या स्टार्चचाच बनवतात. १९९५ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी ३८ पदार्थ तपासले. सारख्याच उष्मांकांत सर्वांत जास्त वेळ पोट भरल्यासारखे वाटले ते उकडलेल्या बटाट्याने. बटाट्याचे तळलेले वेफर मात्र पावापेक्षाही मागे पडले. बटाटा तोच, पण पाणी गेले आणि तेल आले.

तरी बटाटा निर्दोष ठरत नाही. गरम, कुस्करलेल्या बटाट्यातले ग्लुकोज रक्तात झपाट्याने उतरते. तो थंड झाला की काही स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो आणि कमी पचतो. दही किंवा शेंगदाणे सोबत असले, तर वेग आणखी मंदावतो.

हे शिकवण्याचे कारण गंभीर आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. त्यांतले काही आपल्या मुलांच्या घरात असतील. औषध घेऊन दिवसभर उपाशी राहिले तर साखर धोकादायक इतकी उतरू शकते. संध्याकाळी भरपूर खिचडी खाल्ली तर चढते. अशांनी उपवासाआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

‘एकादशी, दुप्पट खाशी’ असे आपले लोक हसत म्हणतात. उपवास करावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ताटात काय आहे, किती आहे आणि कशासोबत आहे, एवढे मुलांनी घरी जाऊन मोजले, तरी आपला तास कारणी लागला.