तेरा खांबांचा कडा

न्यूयॉर्क राज्यातील कॅट्सकिल डोंगरात, सुमारे २,२५० फूट उंचीवर, पाइन ऑर्चर्ड नावाची एक सपाट जागा आहे. तिच्या कडेशी जमीन एकदम तुटते आणि खाली हडसन नदीचे खोरे क्षितिजापर्यंत पसरते. याच कड्यावर १८२४ मध्ये कॅट्सकिल माउंटन हाउस हे हॉटेल सुरू झाले. अमेरिकेत डोंगरावर विश्रांतीला जाण्याची प्रथा रुजली, त्यात या वास्तूचा वाटा मोठा होता.

इथे लोक येत ते सूर्योदयासाठी. न्यूयॉर्कहून आगबोटीने कॅट्सकिल गाव गाठायचे आणि तिथून घोडागाडीत बसून काही तासांचा चढ चढायचा. एवढे कष्ट घेऊन आलेली मंडळी पहाटेच्या अंधारात कड्यावर जमत. चित्रकार टॉमस कोल १८२५ मध्ये या परिसरात आला. त्याच्या निसर्गचित्रांतून पुढे ‘हडसन रिव्हर स्कूल’ हा चित्रसंप्रदाय उभा राहिला आणि कॅट्सकिलचे कडे, तळी, धबधबे घरोघर पोहोचले.

हॉटेलला वैभव दिले त्याचे मालक चार्ल्स बीच यांनी. तेरा कोरिंथियन खांबांची पांढरी दर्शनी बाजू त्यांच्याच काळातली. १८८१ मध्ये शेजारच्या डोंगरावर हॉटेल काटरस्किल उभे राहिले. मुलीसाठी मागितलेली तळलेली कोंबडी नाकारली गेली, म्हणून जॉर्ज हार्डिंग या वकिलाने ते बांधले, अशी आख्यायिका आहे. स्पर्धा वाढली तशी चढणीची दगदग कमी करणे भाग पडले. १८९२ मध्ये जाड तारदोराने ओढली जाणारी ओटिस रेल्वे सुरू झाली. एक डबा वर चढे तेव्हा दुसरा खाली उतरे. तासांची चढण मिनिटांवर आली.

पुढे मोटारी आल्या आणि सुट्टीच्या वाटा बदलल्या. १९१८ मध्ये रेल्वे बंद पडली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हॉटेलही कायमचे मिटले. १९५० च्या वादळात खांब कोसळले. शेवटी जागा राज्याच्या संरक्षित वनात गेली. ते वन कायम नैसर्गिक अवस्थेत राखावे, असा राज्यघटनेचाच दंडक आहे. मोडकळीस आलेली वास्तू २५ जानेवारी १९६३ च्या पहाटे सरकारी अधिकाऱ्यांनी पेटवून दिली.

अशी वास्तू जाळावी लागली याचे दुःख होतेच. पण जिच्यामुळे ती उभी राहिली, ती जागा वाचली. त्या कड्यावरचा सूर्योदय पाहायला आता कुणाला खोली घ्यावी लागत नाही.