लॅपटॉप बंद पडण्याआधी रिकव्हरी पेनड्राइव्ह करून ठेवा. बनवताना अडलं तर काय करायचं?

आपल्याकडे बऱ्याच घरांत लॅपटॉप एकच असतो. थोरल्याचा कॉलेजचा प्रोजेक्ट त्यावर, धाकटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज त्यावर, अब्बांच्या दुकानाचा हिशेब त्यावर आणि आपाच्या निकाहचे फोटोही त्यावरच. एके दिवशी बटण दाबलं की निळी स्क्रीन येते आणि विंडोज सुरूच होत नाही. धावत दुकानात गेलो की दुकानदार म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल." आपण घाईत 'मारा' म्हणून मोकळे होतो.

आमच्या घरी हेच झालं. अर्जाची मुदत दोन दिवसांवर होती. अर्ज शेजारच्यांच्या कॉम्प्युटरवरून भरला, पण चार वर्षांचे फोटो गेले ते गेलेच. त्यानंतर आम्ही घरातल्या प्रत्येक मशीनचा रिकव्हरी पेनड्राइव्ह करायला घेतला. काम अर्ध्या तासाचं वाटलं होतं, पण तीन ठिकाणी अडलो. तुमचा वेळ वाचावा म्हणून सगळं इथे सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाका

रिकव्हरी पेनड्राइव्ह म्हणजे बॅकअप नाही. त्यात विंडोज दुरुस्त करण्याची आणि नव्याने बसवण्याची सोय असते. तुमचे फोटो, मार्कशीट, दाखले त्यात नसतात. ते वेगळ्या हार्डडिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर कॉपी करावेच लागतात.

बनवायचा कसा?

लॅपटॉप चांगला चालू असतानाच हे करायचं. स्टार्टच्या शोधपट्टीत 'रिकव्हरी ड्राइव्ह' इंग्रजीत टाइप करा आणि जे टूल येईल ते उघडा. सिस्टीम फाइल्स घेण्याच्या चौकटीत टिक राहू द्या. किती जीबीचा पेनड्राइव्ह लागेल ते टूल स्वतःच सांगतं. ३२ जीबीचा घेतलात तर सहसा पुरतो. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून तो रिकामा करून घ्या. लॅपटॉप चार्जिंगला लावा आणि झोपू देऊ नका. जुन्या मशीनवर एक-दोन तासही लागू शकतात.

"ड्राइव्ह बनवता येत नाही" असं आलं तर

या एका संदेशामागे कारणं अनेक असू शकतात. खालच्या क्रमाने तपासा, म्हणजे सोप्या गोष्टी आधी होतील.

१. पेनड्राइव्ह बदला. बाजारात ६४ जीबी लिहिलेले, पण आत फारच कमी जागा असलेले नकली पेनड्राइव्ह मिळतात. कॉम्प्युटरही ६४ जीबीच दाखवतो, पण खरी जागा संपली की काम मध्येच फसतं. शंका असेल तर त्यावर मोठे व्हिडिओ भरा आणि पुन्हा चालवून बघा. नकली असेल तर काही चालणारच नाहीत.

२. पोर्ट बदला. हब किंवा वाढीव वायर काढून पेनड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावा.

३. अँटिव्हायरस थोडा वेळ थांबवा, बाकीचे प्रोग्रॅम बंद करा आणि मशीन रीस्टार्ट करून पुन्हा करा. काम झालं की अँटिव्हायरस आठवणीने चालू करा.

४. पेनड्राइव्ह आधी बूटेबल म्हणून वापरला असेल, तर त्यावर दोन-तीन भाग पडलेले असतात. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. पेनड्राइव्हचे सगळे भाग डिलीट करून एकच नवा भाग बनवा. आकडा दोनदा वाचा. चुकून लॅपटॉपची हार्डडिस्क निवडलीत तर होत्याचं नव्हतं होईल. खात्री नसेल तर सरळ नवा पेनड्राइव्ह घ्या.

५. तरीही जमलं नाही, किंवा आवश्यक फाइल्स सापडत नाहीत असा संदेश आला, तर विंडोजचा रिकव्हरी भागच बंद असू शकतो. आमच्या एका मशीनचं हेच दुखणं निघालं. कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. इंग्रजीत आर-ई-ए-जी-ई-एन-टी-सी ही अक्षरं सलग लिहा, एक जागा सोडा, पुढे झुकलेली तिरकी रेघ द्या, तिला चिकटून 'इन्फो' लिहा आणि एंटर दाबा. स्टेटससमोर 'डिसेबल्ड' दिसलं, तर तीच कमांड 'इन्फो'ऐवजी 'एनेबल' लिहून द्या. यश आल्याचा संदेश दिसला की पेनड्राइव्ह पुन्हा बनवायला घ्या.

पेनड्राइव्ह तयार आहे, पण लॅपटॉप त्यावरून सुरू होत नाही

आमच्या भाच्याने नेटवरून विंडोजची आयएसओ फाइल उतरवली आणि पेनड्राइव्हमध्ये पेस्ट केली. "मामू, सगळं टाकलंय, तरी चालत नाही!" चालणारच नाही. आयएसओ ही बांधलेली पेटी आहे. ती नुसती ठेवून पेनड्राइव्ह बूटेबल होत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल किंवा रूफससारखा प्रोग्रॅम लागतो. रूफसमध्ये यूईएफआयवाल्या नव्या मशीनसाठी 'जीपीटी' आणि जुन्या बायोसवाल्यांसाठी 'एमबीआर' निवडायचं. इथे चूक झाली तर पेनड्राइव्ह यादीत दिसतच नाही.

पेनड्राइव्ह बरोबर बनला असेल, तर बूट मेनू उघडा. मशीन चालू करताच डेल आणि लेनोवोवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९ आणि एसुसच्या लॅपटॉपवर एस्केप हे बटण पटापट दाबत राहा. एसरवर एफ१२ चालतं, पण काही मॉडेलमध्ये ते आधी बायोसमधून चालू करावं लागतं.

मध्येच ४८ आकडी बिटलॉकर की मागितली तर घाबरू नका. लॅपटॉप ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलाय, त्यात ती बहुधा साठवलेली असते. मोबाइलवरून लॉगिन करून बघा. त्याहून बरं म्हणजे आजच ती कागदावर उतरवून घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा.

लॅपटॉप आधीच बंद पडलाय?

नातेवाइकांच्या विंडोज कॉम्प्युटरवर मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवा आणि आधी त्यातला दुरुस्तीचा पर्याय वापरा. दुरुस्ती झाली नाही तरी फॉरमॅटची घाई नको. सेटअपच्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० एकदम दाबलं की कमांडची काळी खिडकी उघडते. त्यात 'नोटपॅड' इंग्रजीत लिहून एंटर द्या. फाइल मेनूतून 'ओपन' घ्या, खाली 'ऑल फाइल्स' निवडा. इथून हार्डडिस्कवरचे फोल्डर राइट क्लिकने कॉपी करून दुसऱ्या पेनड्राइव्हवर पेस्ट करता येतात. ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, म्हणून एकेक उघडून बघा. डिस्कच दिसत नसेल किंवा आतून टकटक आवाज येत असेल, तर मशीन लगेच बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या.

दुकानात गेलात तरी फॉरमॅटला हो म्हणण्याआधी एक वाक्य नक्की बोला: "आधी डेटा काढून द्या." हे न सांगितल्यामुळेच आमचे फोटो गेले.

बनवून झाल्यावर

पेनड्राइव्हवर चिठ्ठी लावा: कुठल्या लॅपटॉपचा, कुठलं विंडोज, कुठली तारीख. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुम्ही विंडोज ११ वर गेला असाल तर जुना पेनड्राइव्ह मशीनला पुन्हा विंडोज १० वरच नेईल, म्हणून नवा बनवा. एरवीही वर्षातून एकदा तो ताजा करावा. आणि एकदा त्यावरून मशीन सुरू करून बघा. दुरुस्तीचा मेनू दिसला की काही न निवडता बंद करा.

या सुट्टीच्या दिवशी मुलांना सोबत घेऊन बसा. एकाने पेनड्राइव्ह बनवावा, दुसऱ्याने फोटो आणि दाखले दुसरीकडे कॉपी करावेत. दोन्ही कामं झाली, तरच घर निर्धास्त.