कड्यावरून पाण्यात उडी

वैशाख लागला की पाणी आटते आणि पोरांच्या उड्या वाढतात. गावालगतच्या बंद दगडखाणीत, नदीच्या डोहात कुणी सूर मारतो, कुणी मुटका. पैसे न मोजता पोहता येईल अशा दुसऱ्या जागा आपल्या शहरांनी या पोरांसाठी किती ठेवल्या आहेत? तेव्हा ‘उडी मारूच नका’ एवढे सांगून मोकळे होणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

पहिली गोष्ट पाण्याच्या पातळीची. समजा, श्रावणात एक खडक पाण्यापासून ४ मीटर उंच होता व खाली ६ मीटर पाणी होते. वैशाखापर्यंत पाणी ३ मीटर उतरले. आता उडीची उंची ७ मीटर झाली आणि खोली ३ मीटरच उरली. खडक मात्र तोच दिसतो, आणि ‘पावसाळ्यात इथूनच मारली होती’ अशी साक्ष पोरे एकमेकांना देतात. साक्ष खरी असते. पाणी बदललेले असते.

१० मीटरवरून पडणारे शरीर तासाला सुमारे ५० किलोमीटर वेगाने पाण्यावर आदळते. म्हणून स्पर्धेच्या तलावात तेवढ्या उंचीखाली सुमारे ५ मीटर स्वच्छ पाणी ठेवतात. जागतिक स्पर्धेत २७ मीटरवरून उडी टाकणारे कसलेले पुरुषदेखील पाण्यात शिरतात ते पायांवर, आणि खाली पाणबुडे तयार असतात. आमचा पोरगा गढूळ पाण्यात डोके पुढे करून जातो. डोके तळाला लागले की मागून येणाऱ्या धडाचा सारा भार मानेच्या मणक्यांवर पडतो. मणका मोडून आतला मज्जारज्जू तुटला, तर हातपाय जन्माचे लुळे पडतात. घरात मिळवता तो एकटाच असला तर पुढचे सांगायला नको.

खाणीचा तळ सपाट नसतो. दगड टप्प्याटप्प्याने काढल्यामुळे पाण्याखाली कट्टे राहतात. वरून ते दिसत नाहीत. नदीत एका पुराने धोंडे जागा बदलतात.

यंत्राच्या पोटात माणूस दुरुस्तीला शिरला असता, त्याने आतून ‘हो’ म्हटल्यावाचून बाहेरच्याने कळ दाबायची नाही, असा नियम आम्ही कामगार मंडळी धरून बसतो. येथेही तोच लावावा. चांगल्या पोहणाऱ्याने आधी काठावरून हळू उतरावे, बुडी घेऊन तळ चाचपावा, दोराला धोंडा बांधून खोली मोजावी, बाहेर निघण्याची वाट पाहून ठेवावी. खाणीच्या उभ्या भिंतीला अशी वाट पुष्कळदा नसतेच. परवानगी द्यायची ती पाण्यातल्याने. वर उभे राहून ‘भित्रा, भित्रा’ ओरडणाऱ्यांना येथे मत नाही. मग सर्वांत खालच्या कपारीवरून, पाय जुळवून, हात अंगाशी धरून, उभ्यानेच उडी टाकावी. एकट्याने कधीही नाही.

अपघात झालाच तर बगलेत हात घालून ओढाओढ करू नये. पाण्यातच उताणे करून डोके, मान व पाठ एका रेषेत धरावी, चारपाच जणांनी फळीवर घेऊन बाहेर काढावे. श्वास बंद असेल तर मात्र फळीची वाट पाहू नये. आधी श्वास द्यावा.