अंडे कुणाच्या ताटात?



पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यात, घोटवड्याजवळ रिहे खोरे आहे. भोवती डोंगर, पावसाळ्यात धो धो पाऊस, खाचरांत भात आणि वरकस जमिनीवर नाचणी-वरई. याच तालुक्यात हिंजवडीला संगणक कंपन्यांची वसाहत उभी राहिली, रस्ते झाले, जमिनीचे भाव चढले. तरीही वाडीवस्तीवर पहाट उजाडते ती कोंबड्याच्या आरवण्यानेच. घराच्या मागे खुराडे, अंगणात डालगे आणि उकिरड्यावर पिलांना घेऊन फिरणारी कोंबडी, हे चित्र आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे.

आज या परसातल्या कोंबडीविषयी बोलायचे आहे. पण त्याहून अधिक बोलायचे आहे ते त्याच घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींविषयी. सकाळी कोंबड्या सोडायच्या, सांजेला मोजून कोंडायच्या, कणी-कोंडा टाकायचा, अंडी गोळा करायची, ही कामे बहुधा हीच मुले करतात. मग प्रश्न असा, की त्यांनी गोळा केलेल्या अंड्यांपैकी त्यांच्या स्वतःच्या ताटात किती पडतात?

उत्तर सोपे नाही. चार अंडी साठली की ती दुकानात जातात. पाहुणा आला की त्याची पोळी घालतात. कर्त्या माणसाला कष्टाचे काम, म्हणून एक त्याला. बाळंतिणीला एक, आजाऱ्याला एक. यात वावगे काही नाही. पण या रांगेत चौदा वर्षांची मुलगी कुठे उभी असते? बहुतेक वेळा शेवटी, तिच्या आईच्या जरा पुढे. आणि अंडी विकून आलेल्या पैशांतून पुष्कळदा तिच्या हाती येते ते तळलेल्या खाऊचे चकचकीत पाकीट. म्हणजे घरातले सकस बाहेर गेले आणि बाहेरचे निकस घरात आले. हा सौदा तोट्याचा आहे, बरं का!

तो का तोट्याचा, ते पाहू. मुलगी साधारण दहाव्या-अकराव्या वर्षापासून आणि मुलगा बाराव्या-तेराव्या वर्षापासून भराभर वाढू लागतो. हाडे लांबतात, मांस भरते, रक्त वाढावे लागते. मुलीला पाळी सुरू झाली की दर महिन्याला रक्तातले लोह जाते, ते भरून काढावे लागते. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींप्रमाणे तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला रोज सुमारे ४३ ग्रॅम प्रथिने लागतात, आणि मुलाला ४५. लोह मुलीला ३० मिलिग्रॅम लागते आणि मुलाला २२. म्हणजे लोहाची गरज मुलीची जास्त, आणि वाढून घेण्याची पाळी मात्र शेवटची. याचा परिणाम काय? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी शंभरात ५९ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. वर्गात डुलक्या येणे, चढ चढताना धाप लागणे, अभ्यासात लक्ष न लागणे, याला आपण आळस म्हणतो. पुष्कळदा तो आळस नसतो. मुलीच्या अंगात रक्त कमी असते.

आता अंड्यात काय असते ते नीट समजून घेऊ. गावरान कोंबडीचे अंडे लहान, साधारण ४० ते ४५ ग्रॅमचे. त्यात सुमारे ५ ग्रॅम प्रथिने असतात. मुलीच्या दिवसाच्या गरजेचा हा जवळजवळ नववा हिस्सा झाला. पण महत्त्व नुसत्या मापाला नाही. आपल्या भात-भाकरीतल्या प्रथिनांत एक घटक कमी पडतो, डाळीत दुसरा. म्हणूनच आपल्या आज्या-पणज्यांनी वरण आणि भात यांची जोडी लावून दिली. अंड्यात हे सगळे घटक एकाच ठिकाणी मिळतात. शिवाय डोळ्यांसाठी लागणारे अ जीवनसत्त्व आणि रक्त तयार होण्यास लागणारे ब-१२ हेही त्यात असते.

मात्र अंडे खाल्ले की रक्त वाढले, असे कोणी सांगत असेल तर ते पुरते खरे नाही. एका अंड्यात लोह जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तेही अंगी लागते थोडेच. लोहासाठी पालेभाजी, कडधान्ये, डाळी आणि बाजरी-नाचणीसारखी धान्ये हवीतच. त्यावर लिंबू पिळा, नाहीतर आवळ्याची फोड तोंडी लावा. आंबटातले क जीवनसत्त्व धान्य-भाजीतले लोह अंगी लागायला मदत करते. चहाचे काम नेमके उलटे आहे. म्हणून जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा नको, तासाभराचे अंतर असू द्या. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी आणि वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळी मुलांनी टाळू नये. जंत असले तर खाल्लेले मुलाऐवजी जंतांनाच पोचते.

हाडांसाठी चुना, म्हणजे कॅल्शियम लागते. त्यात आपल्या खोऱ्यातली नाचणी भल्याभल्यांना मागे टाकते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तांदूळ शुभ्र दिसतो, पण या बाबतीत तो नाचणीच्या पासंगालाही पुरत नाही. हल्ली पोरांना नाचणीची भाकरी काळी म्हणून नको वाटते. गुरुजींनी आणि बाईंनी स्वतःच्या डब्यात ती आणली, तर मुलांची लाज लवकर मोडेल.

आता हिशेब करू. हा हिशेब शिक्षकांनी फळ्यावरही मांडावा. समजा, घरात पाच गावरान कोंबड्या आहेत. गावरान कोंबडी काही दिवस अंडी घालते, मग खुडूक होते, पिले काढते, त्यांना वाढवते आणि पुन्हा अंड्यावर येते. वर्षाकाठी एका कोंबडीची ६० अंडी धरू. पाचांची झाली ३००. रवणीला ठेवायची आणि फुटतुटीची मिळून ५० बाजूला काढा. उरली २५०. घरात दोन वाढती मुले. प्रत्येकाला आठवड्याला दोन अंडी दिली, तर वर्षाच्या ५२ आठवड्यांत २०८ लागतात. तरीही ४२ उरतात, ती पाहुण्याला घाला नाहीतर विका. म्हणजे फक्त पाच कोंबड्या दोन मुलांना वर्षभर आठवड्याची दोन अंडी पुरवू शकतात. अट एकच. मुलांचा वाटा आधी बाजूला काढायचा आणि उरलेले बाजारात न्यायचे. आज आपण उलटे करतो.

कोणी म्हणेल, “गावरान अंड्याला भाव चांगला येतो, ते घरी कशाला खायचे?” प्रश्न रास्त आहे. त्यावरही तोड आहे. गावरान अंडे दुकानात पोल्ट्रीच्या अंड्यापेक्षा चढ्या भावाने जाते, पुष्कळदा दुपटीने. पोषणाच्या दृष्टीने मात्र दोहोंत फारसा फरक नाही. टरफलाचा तांबूस रंग जातीचा असतो आणि बलकाचा गडद रंग कोंबडीने खाल्लेल्या हिरव्या पाल्याचा. तेव्हा पैशांची निकड असेल तर गावरान अंडे खुशाल विका, पण त्याच पैशांतून पोल्ट्रीची दोन अंडी मुलांसाठी घरी आणा. पाकीट आणू नका, एवढेच सांगणे.

अंडे नीट उकडून किंवा शिजवून द्यावे. कच्चे अंडे दुधात फेटून प्यायल्याने ताकद येते, ही समजूत चुकीची आहे. कच्च्यातून पोटाचे रोग होतात, आणि त्यातला एक पदार्थ जीवनसत्त्व अंगी लागू देत नाही. तो शिजवल्यावर निकामी होतो. अंडे ताजे की शिळे हे पाहायचे असेल तर पाण्यात सोडा. ताजे तळाशी आडवे बसते, जुने उभे राहते आणि तरंगणारे टाकून द्यावे.

मुळशीत माळकरी घरे पुष्कळ आहेत. ज्यांच्या गळ्यात माळ आहे, त्यांना अंडी खा असे सांगण्याचा कोणाला अधिकार नाही, आणि त्याची गरजही नाही. त्यांनी हाच नियम दुधाला लावावा. डेअरीला दूध घालण्याआधी वाढत्या मुलांचे पेलाभर दूध घरात ठेवावे. त्याला मोड आलेली मटकी, भुईमूग, डाळ आणि ताक यांची जोड द्यावी. श्रावण पाळणाऱ्या घरांनीही त्या महिन्यात असेच करावे.

आता कोंबडीकडे वळू. मुलांना अंडी मिळायची तर कोंबडी जगली पाहिजे. आपल्या भागात तिचे शत्रू तीन: पावसाची ओल, मुंगूस-बोका-घार आणि मानमोडी. ओलीसाठी खुराडे जमिनीपासून हात-दीड हात उंच करा आणि आत भाताचे कोरडे तूस पसरा. ओले झाले की बदला. ओलीने पिलांना रक्ती हगवण लागते. मुंगूस-बोक्यासाठी फटी बुजवा आणि सांजेला दार लावून घ्या. घारीसाठी लहान पिले डालग्याखाली ठेवा. उकिरड्यावरचे किडे आणि हिरवा पाला कोंबडी आपला आपण मिळवते. वरून मूठभर कणी-कोंडा आणि टरफलासाठी शिंपल्यांचा चुरा दिला की तिचे भागते.

मानमोडीने मात्र एका आठवड्यात अख्ख्या वाडीची खुराडी रिकामी होतात. १९२७ साली कुमाऊँतल्या राणीखेत गावी हा रोग ओळखला गेला, म्हणून आपल्या देशात त्याला राणीखेत असेही नाव पडले. रोग झाल्यावर औषध नाही, आधी लस देणे हाच उपाय. पिलाच्या पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर टोचणी. पुढचे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून करावे. अडचण अशी, की लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते, ती बर्फात आणावी लागते आणि विरघळवली की थोड्याच वेळात संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी ती कोण आणणार? म्हणून एका घराने नव्हे, साऱ्या वस्तीने एक दिवस ठरवून लस घ्यावी. वाडीतल्या कोंबड्यांची यादी करणे, दिवस कळवणे, दवाखान्याशी बोलणे ही कामे नववी-दहावीतली मुले गुरुजींच्या देखरेखीखाली सहज करतील. मुलींनीच नव्हे, मुलांनीही. खुराडे झाडणे हे काही फक्त मुलीचे काम नाही.

आणखी एक सावधगिरी. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लूची साथ आली होती. एकाएकी पुष्कळ कोंबड्या मेल्या तर त्या खाऊ नका, ओढ्यात टाकू नका, मुलांना हात लावू देऊ नका. लगेच दवाखान्यात वर्दी द्या. एरवीही खुराड्यात हात घातल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि कोंबड्या स्वयंपाकघरात फिरू देऊ नयेत.

कोणी म्हणेल, शाळेत खाऊ मिळतोच की. शाळेतला आहार मोलाचा आहे, यात शंका नाही. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या शाळांच्या आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा शासनाचा निधी थांबला. सरकारी ताटातले अंडे येते आणि जाते. परसातल्या कोंबडीचे अंडे कुणाला द्यायचे, हे मात्र आपल्याच हाती असते.

१९५६ साली पुण्याभोवतीच्या पाच मराठी जिल्ह्यांत युनेस्कोच्या मदतीने रेडिओ शेती मंडळांचा प्रयोग झाला. गावकऱ्यांनी एकत्र बसून रेडिओवरचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि जे पटेल ते करून पाहायचे, अशी ती रीत होती. शिक्षकांनी ती आपल्या वर्गात आणावी. प्रत्येक मुलाने महिनाभर वहीत चार रकाने आखावेत: आज अंडी किती मिळाली, किती विकली, किती रवणीला ठेवली, आणि घरात कोणी कोणी खाल्ली. माळकरी घरच्या मुलांनी अंड्यांच्या जागी दुधाचा हिशेब लिहावा. महिन्याने ती वही मुलांनी घरी आईवडिलांना आणि आजीला वाचून दाखवावी. मुलांना काही बोलावे लागणार नाही. चौथ्या रकान्यात स्वतःच्या लेकीचे नाव किती वेळा आले, हे आजी आपणच मोजील. आणि पुढच्या आठवड्यात दुकानाची पिशवी भरण्याआधी दोन अंडी बाजूला ठेवील.