‘द सी हॉक’च्या घरगुती आवृत्त्या आणि पाठनिश्चितीचा प्रश्न

कादंबरी आणि चित्रपट यांचा तौलनिक अभ्यास करणारा संशोधक कादंबरीची कोणती आवृत्ती वापरली याची काटेकोर नोंद करतो. चित्रपटाच्या बाबतीत मात्र नाव आणि वर्ष एवढ्यावरच तो समाधान मानतो. वस्तुतः चित्रफितीच्या किंवा तबकडीच्या रूपाने त्याच्या हाती येते ती चित्रपटाची एक विशिष्ट प्रत असते. ती किती पूर्ण आहे आणि तिच्यात काय स्पष्ट दिसते, यावर त्याचे निष्कर्ष अवलंबून असतात. मायकेल कर्टिझ दिग्दर्शित ‘द सी हॉक’ (१९४०) हा ऐतिहासिक समुद्रपट या दृष्टीने उद्बोधक आहे.

राफाएल साबातिनी यांची या नावाची कादंबरी १९१५ साली प्रसिद्ध झाली. तिचा कॉर्नवॉलमधील नायक दैवगतीने उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील चाच्यांना जाऊन मिळतो. फ्रँक लॉइड यांचा १९२४ चा मूकपट या कथेला धरून होता. १९४० च्या चित्रपटाने मात्र केवळ नाव घेतले. हॉवर्ड कॉच आणि सीटन मिलर यांच्या पटकथेत राणी एलिझाबेथच्या आश्रयाने स्पॅनिश गलबते लुटणारा जेफ्री थॉर्प नायक झाला. आरंभी स्पेनचा राजा फिलिप जगाच्या नकाशापुढे आपली विश्वविजयाची आकांक्षा प्रकट करतो. अखेरीस राणी आरमार उभारण्याचा निर्धार जाहीर करते. या दोन भाषणांमुळे सोळाव्या शतकातील स्पेनच्या जागी प्रेक्षकाला हिटलरची जर्मनी दिसू लागते. राणीचे भाषण तर युद्धात सापडलेल्या ब्रिटिश प्रेक्षकांना धीर देण्याच्या हेतूनेच योजलेले होते.

चित्रपटाची पूर्ण लांबी १२७ मिनिटे. १९४७ मध्ये पुनःप्रदर्शनासाठी त्याची १०९ मिनिटांची संक्षिप्त प्रत सिद्ध करण्यात आली. म्हणजे सुमारे एक सप्तमांश भाग गळाला. येथे पाठभेद केवळ विस्ताराचा राहत नाही. राणीचे भाषण गाळलेली प्रत पाहणाऱ्यास हा चित्रपट एक रंजक साहसकथा वाटेल. भाषणासह पाहणाऱ्यास तो युद्धकालीन रूपक वाटेल. दोघांचेही विवेचन आपापल्या प्रतीपुरते खरे असेल. परंतु प्रतीचा निर्देश नसल्यास त्यांचा वाद निष्फळ ठरेल.

दुसरा भेद छटेचा. चित्रपट कृष्णधवल आहे. तथापि पनामातील प्रसंगांना तपकिरी छटा दिलेली आहे. इंग्लंडच्या थंड दरबारातून उष्ण, दमट अरण्यात झालेले स्थलांतर ती छटा सूचित करते. ज्या प्रतीत ही छटा उतरलेली नाही, तिच्यात एक अक्षरही न गाळता अर्थाचा एक अंश नाहीसा होतो.

तिसरा प्रश्न तांत्रिक असून समुद्रपटांना तो विशेष जाचक ठरतो. डीव्हीडीवर प्रत्येक चौकट संपूर्णपणे साठवलेली नसते. बहुतेक चौकटींत आधीच्या-नंतरच्या चौकटींपेक्षा काय बदलले एवढेच नोंदलेले असते. स्थिर भिंतीपुढे बोलणाऱ्या दोन पात्रांसाठी ही काटकसर पुरेशी आहे. लाटा, फेस, तोफांचा धूर यांत मात्र प्रत्येक बिंदू अनियमितपणे बदलत असल्याने नोंद अपुरी पडते आणि पाण्याचे चौकोनी तुकडे दिसू लागतात. डोलकाठ्यांचे बारीक दोर तुटक किंवा थरथरते भासतात. गलबताच्या पोटात साखळदंडांनी जखडलेल्या वल्हेकऱ्यांचे चेहरे काळोखात विरतात. आणि या चित्रपटाचा नैतिक भार तर त्याच चेहऱ्यांवर आहे. अमेरिकी डीव्हीडीची चौकट ७२० गुणिले ४८० बिंदूंची, तर ब्लू-रेची १९२० गुणिले १०८० बिंदूंची असते. तिच्यावर माहितीसाठी जागाही कितीतरी अधिक असते. ‘द सी हॉक’ डीव्हीडीवर २००५ मध्ये आणि ब्लू-रेवर २०१८ मध्ये पूर्ण लांबीत आला.

तरीही अधिक बिंदू म्हणजे अधिक प्रामाणिक पाठ, असे समीकरण मांडता येत नाही. जुन्या फिल्मचे कण दोष समजून पुसले, तर शिडाच्या कापडाचा पोत आणि चेहऱ्यावरील सुरकुत्याही त्यांबरोबर पुसल्या जातात. अतिउत्साही संपादकाने हस्तलिखितातील आर्ष रूपे ‘शुद्ध’ करावीत, तसाच हा प्रकार होय. उत्तम घरगुती आवृत्ती म्हणजे सर्वांत चकचकीत आवृत्ती नव्हे. मूळ प्रदर्शनातील लांबी, छटा, चौकटीचे प्रमाण आणि ध्वनी यांच्याशी एकनिष्ठ राहणारी आवृत्ती होय.

म्हणून चित्रपटावर लिहिणाऱ्या साहित्याभ्यासकाने प्रतीचे माध्यम, प्रकाशनवर्ष आणि कालावधी यांची नोंद करणे अगत्याचे आहे. ग्रंथाच्या आवृत्तीस जो मान दिला जातो, तो चित्रपटाच्या प्रतीस नाकारला, तर तुलनेचे एक पारडे आरंभापासूनच अस्थिर राहील.