गळकाठी, दुहाती (स्टीलहेड मासेमारीसाठी)

कृत्रिम माशी लावलेली जड दोरी दोन्ही हातांनी फेकण्याची लांब काठी. स्टीलहेड हा मासा पकडण्यासाठी उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडील नद्यांवर ती विशेष प्रचारात आहे. स्टीलहेड हा इंद्रधनुषी ट्राउट माशाचाच (ऑन्कोऱ्हिंकस मायकिस) समुद्रात जाऊन वाढणारा व अंडी घालण्यासाठी नदीत परतणारा प्रकार होय. त्याचे वजन सामान्यतः ३ ते ५ किग्रॅ. असते; ब्रिटिश कोलंबियातील स्कीना नदीच्या खोऱ्यात ९ किग्रॅ.हून मोठे मासेही आढळतात. पॅसिफिक सामन मासे अंडी घातल्यावर मरतात, तर स्टीलहेडपैकी काही समुद्रात परत जाऊन पुन्हा प्रजननास येतात. [⟶ ट्राउट, सामन].

इतिहास : दुहाती काठीने दोरी फेकण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधील स्पे नदीवर विकसित झाली व त्या नदीच्या नावाने ओळखली जाते. प्रारंभीच्या काठ्या ग्रीनहार्ट या जड लाकडाच्या असत. पुढे बांबूच्या चिरफळ्या चिकटवून काठ्या होऊ लागल्या. त्यांसाठी आरंभी कलकत्त्याहून निर्यात होणारा व नंतर चीनमधील टोंकिन बांबू वापरीत. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू व १९७० नंतरच्या दशकात कार्बनतंतू आले. त्यामुळे ४ मी. लांबीची काठी २०० ग्रॅ.च्या आसपास वजनात बसू लागली.

तत्त्व : माशी स्वतः जवळजवळ वजनरहित असल्याने फेक दोरीच्या वजनावर होते. एकहाती पद्धतीत दोरी मागे पूर्ण उलगडावी लागते. पण स्टीलहेडच्या नद्यांचे काठ बहुधा झाडीने वा कड्यांनी वेढलेले असतात. स्पे पद्धतीत दोरीचे टोक पाण्यावर टेकवून मागे केवळ एक झोळ तयार करतात. पाण्याची पकड व झोळाचे वजन यांमुळे काठी वाकते आणि सरळ होताना दोरी पुढे फेकते. मासेमार प्रवाहाला आडवी फेक करतो, माशी कमानीसारखी वाहत काठाला येते, मग तो एक-दोन पावले खाली सरकतो. दिवसभरात अशा शेकडो फेका होतात. म्हणून कमी श्रमात होणारी फेक हीच साधनाची खरी कसोटी ठरते.

दोरी : निवडीचा क्रम नदी, दोरी, काठी व शेवटी रीळ असा असावा. उन्हाळी स्टीलहेड पृष्ठभागाजवळच्या माशीवर येतो, तर हिवाळ्यातील थंड पाण्यात तो तळाशी मंद असतो व माशी त्याच्यापर्यंत बुडवावी लागते. यावरून दोरीच्या जड अग्रभागाचे, म्हणजे शीर्षाचे, तीन प्रकार पडतात. वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट व सॉक नद्यांवर रूढ झालेले स्कॅजिट शीर्ष आखूड (६ ते ८ मी.) व जड असून बुडणारे टोक आणि मोठी माशी उचलू शकते. स्कँडिनेव्हियन शीर्ष ९ ते १२ मी. असून हलक्या माशीसाठी योग्य असते. सु. १७ मी.हून लांब पारंपरिक शीर्षास रुंद नदी व मुरलेला हात लागतो.

येथे क्रमांकाविषयी एक गैरसमज टाळावयास हवा. एकहाती ७ क्रमांकाच्या दोरीच्या पहिल्या ९·१४ मी.चे वजन १२ ग्रॅ. असते, दुहाती ७ क्रमांकाच्या काठीस मात्र स्कँडिनेव्हियन शीर्ष सु. २८ ते ३१ ग्रॅ., तर स्कॅजिट शीर्ष ३२ ते ३६ ग्रॅ. लागते. क्रमांक सारखा म्हणून एकहाती दोरी चढविल्यास काठी वाकतच नाही. यास्तव क्रमांकापेक्षा ग्रॅममधील वजन पाहावे.

काठी : पहिल्या व एकमेव काठीसाठी ३·८ ते ४·१ मी. लांबी आणि ७ क्रमांक ही निवड बहुतेक नद्यांस पुरते. लहान नद्या व उन्हाळी मासे यांसाठी ३·४ ते ३·७ मी. व ६ क्रमांक, तर मोठ्या नद्या, हिवाळा व जड टोके यांसाठी ८ क्रमांक योग्य. केवळ शेंड्याशी वाकणारी काठी वेगवान, पण चूक न खपवणारी असते. मध्यापर्यंत वाकणारी काठी नवशिक्यास दोरीचा भार हाताला जाणवू देते.

रीळ : दोरी, सु. ३० मी. बारीक वाहक दोरी व १५० मी. किंवा अधिक राखीव दोरी मावेल एवढे रीळ हवे. ते काठीच्या बुंध्याशी असल्याने लांब शेंड्याचा समतोल राखते. म्हणून फार हलके रीळ हा फायदा नव्हे. दोरी भरलेली काठी वरच्या मुठीवर बोटाने तोलून पाहावी. शेंडा झुकल्यास रीळ अधिक जड घ्यावे. सामान्यतः २५० ते ३०० ग्रॅ. वजन जुळते. मुठीच्या एका फेऱ्यात चक्रही एकदाच फिरते; त्यामुळे वेटोळ्याचा व्यास ८ सेंमी. असल्यास फेऱ्याला २५ सेंमी., तर ४ सेंमी. असल्यास निम्मीच दोरी गुंडाळते. मासा मासेमाराकडे धावून आला, तर हा फरक निर्णायक ठरतो. रोधक झटका न देता सुटावा. त्याचा ताण माशीजवळच्या दोरीच्या तुटण्याच्या भाराच्या सु. एकचतुर्थांश ठेवतात. चौकट बंद असावी, अन्यथा बारीक वाहक दोरी फटीतून निसटते.

संरक्षण : दक्षिण कॅलिफोर्नियातील स्टीलहेड १९९७ मध्ये संकटग्रस्त, तर प्यूजेट साउंडमधील २००७ मध्ये धोक्यात आलेला म्हणून अमेरिकी कायद्याच्या सूचीत आला. कॅनडातील थॉम्पसन नदीचा स्टीलहेड वन्यजीवविषयक समितीने २०१८ मध्ये संकटग्रस्त ठरविला. पुष्कळ नद्यांत नैसर्गिक पैदाशीचा मासा सोडून देणे बंधनकारक आहे. संवर्धनकेंद्रातील मासा पाठीवरील छाटलेल्या मेदपरावरून ओळखतात. सोडलेला मासा जगणे हे झुंज किती लांबली यावर बरेचसे अवलंबून असते. नाजूक काठीने मोठा मासा दमविण्यात कौशल्य मानले जाई. परंतु अतिश्रमाने थकलेला मासा, विशेषतः उष्ण पाण्यात, सोडल्यावरही मरू शकतो. त्यामुळे बुंध्यात पुरेसे बळ असलेली काठी, खात्रीचा रोधक व उलट काटा नसलेला एकेरी गळ वापरणे आणि मासा पाण्याबाहेर न उचलणे इष्ट होय. साधनाची योग्य निवड अशा रीतीने मासेमाराच्या सोयीइतकीच माशाच्या पुढील पिढीशी निगडित आहे.